तुलनेसाठी एक निरोगी

४ मार्च
अखेर नोकरी लागली! दादा म्हणाला, वर्षभर घरी बसून माझं डोकं खाल्लंस, आता तिकडे कुणाचं तरी खा. रुग्णालयाच्या संशोधन विभागात नोंदी ठेवायच्या. राहायला वरच खोली, पडदेसुद्धा धुतलेले. यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांच्या अन्ननलिकेत शिरा फुगल्या आहेत. फुटल्या की माणूस रक्त ओकून जातो. डॉक्टर त्यांना कोलिनेस्टरेझ, म्हणजे स्नायू सैल पडू देणारं द्रव्य, रोखणारी गोळी देतात. तिने अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू आवळतो आणि शिरांत रक्त कमी चढतं. नाकातून घातलेल्या नळीने त्या स्नायूचा दाब मोजायचा, मी नोंद करायची. मोठ्या सिस्टर कडक आहेत, पण चहा फक्कड करतात.

११ मार्च
तुलनेसाठी एक निरोगी माणूस हवा होता. डॉक्टरांनी विचारताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या अंगात नको तिथे शौर्य संचारतं. एका दिवसाची तर गोष्ट, म्हणून सही करून टाकली. कधीही बाहेर पडता येतं, फक्त तसं डॉक्टरांना तोंडी सांगायचं.

१२ मार्च
माझ्या नाकातून घातलेली नळी निघेना. स्नायूने घट्ट धरून ठेवली आहे. एवढा दाब डॉक्टरांनी कधी पाहिला नव्हता, स्वारी खुशीत होती. गोळी चालूच. तिने तोंडात लाळेचा पूर, बोलायला जावं तर नुसता गुळण्यांचा आवाज.

१५ मार्च
मला बाहेर पडायचंय, असं कागदावर लिहून दिलं. लेखी चालत नाही म्हणाले. तुमचं अक्षर छान आहे, तुमच्या नोंदी तुम्हीच ठेवा, असंही म्हणाले. मला भीती वाटतेय. खूप.

२१ मार्च
दार बाहेरून बंद. दादाला फोनवर सांगतात, कामात आहे. सिस्टरच्या हातात चिठ्ठी कोंबली— दादाचा पत्ता— त्यांनी खिशात घातली.

२६ मार्च
आज घशातून दुर्बीण घातली. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. मग सिस्टरना म्हणाले, हिला निरोगीच्या रकान्यातून काढा. माझ्याही अन्ननलिकेत शिरा— चार— टम्म— बहुधा आधीपासूनच. त्या स्नायूनेच आवरून धरल्यात. नळी ओढली तर फुटतील.

२७ मार्च
दादा आलाय! बाहेर भांडतोय. दार उघडलं— रडतोय वेडा, म्हणतोय चल घरी. मी मान हलवतेय, नको, नको— त्याला वाटतंय घाबरलेय. डॉक्टर नुसते उभे. वही पुढे केली, दादा बघतच नाही. नळी त्याच्या मुठीत— दादा, आधी हे वाच, आधी वा