नावाची पट्टी

यासुजीदादा,

खाणीतल्या संपाचा, पहिल्या दिवसाचा फोटो आमच्या वारसा मंडळानं जुन्या सार्वजनिक न्हाणीघरातल्या प्रदर्शनात लावलाय. अक्षर बरं म्हणून नावांच्या पट्ट्या मी लिहिल्या. त्या काळची मंडळात मीच उरलेय. मंडळातल्या सुगानोबाईंनी फोटोतल्या तुझ्यावर बोट ठेवलं, "हा कोण हो?" तू संप फोडून पळालास, बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटली, खोटं कशाला सांगू! पट्टीवर लिहिलं, 'नाव माहीत नाही'.

काल एक म्हातारा फोटोपुढे बराच वेळ उभा होता. तुझ्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "हा कोण?" मी सवयीनं पट्टी वाचली. त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेला.

कुलूप लावताना भेटवही उघडली. नावाच्या रकान्यात तुझं तिरकं अक्षर: 'नाव माहीत नाही'.

पत्त्याचा रकाना कोराच ठेवलास रे.

तुझं नाव माहीत असलेली,
तोकिको