पाहुण्यांसाठी केलेला चिवडा

आई,

चिमूरले रग्बीची मॅच हाय, मी निंगून राह्यली. काल तू चिवडा करून थकली होती म्हणून उठवलं नाई. मॅच झाल्यावर आम्ही टीमच्या पोरी पूनमकडे मटण करू, तिथीच मुक्काम. उद्या पाहुणे मले पाहाले यायच्या आधी घरी येतो.

मागचे पाहुणे आले तवा माझा डोळा काळानिळा होता. तू सांगतलं, पोरगी गाडीवरून पडली. ते बिचारे हळद लावाले सांगून गेले. मले लाज वाटली, पण डोळ्याची नाई.

उद्या काई लागलेलं दिसलं त रग्बीत लागलं म्हणून सांगजो. चहा न घेता उठले त उठू दे. चिवडा आपण दोघी खाऊ.

रंजीता