सगळ्या जगाला फुकट

आये,

आज आणखी एक फुकटचा कोर्स मी अर्ध्यात सोडला. घरबसल्या परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांचे धडे मिळतात आणि मला जांभया येतात. अशा वेळी तू आठवतेस आणि माझाच मला राग येतो.

दोन हजार सहा असेल. मालवणच्या बाजारात नेट कॅफेत मी नुकती कामाला लागले होते. समुद्रावरचे धडे कुठल्याशा विद्यापीठाने सगळ्या जगाला फुकट ठेवलेत, असं मी कौतुकाने सांगितलं, तर तू म्हणालीस, "फुकट? फुकट मासळी कोण दिता गो? नासलेली आसतली." पण दुसऱ्याच दिवशी बाजारात मासळीची पाटी रिकामी करून, हातपाय धुऊन, अबोलीचा वळेसर माळून तू दारात हजर. मालकाची ना नव्हती. तू खुर्चीत ताठ बसलीयस, चित्र मिनिटामिनिटाला अडकतंय, इंग्रजीचं मालवणी करताना माझी दमछाक होतेय, आणि तू त्या टकल्या प्रोफेसरशी वाद घालतेयस. "ह्यो कधी होडयेत बसललो काय गो?" त्या वर्षी जाळ्यात मासळी लागत नव्हती. एकदा म्हणालीस, "आता तेका इचार, आमचो बांगडो खंय गेलो?"

"आये, तेका आयकाक येणा नाय. तेचा बोलणा आधीच भरून ठेवलेला आसा."

"मगे शिकवता तरी कोणाक?"

मी हसले. तरी तू येत राहिलीस. शेजारणीला सांगायचीस, "बापाशीन शाळेत धाडूक नाय, चेडवान धाडल्यान." लेकीने आईला शाळेत धाडलं, हे ऐकून मला लाज वाटायची, हेही आता सांगून टाकते.

मग एका दुपारी मी तुला दारातच अडवलं. "आये, आता येव नको. गिऱ्हायकां म्हणतत, वास येता." तू धुतलेले हात पुन्हा पदराला पुसलेस. "होय गो, येतलोच. माशाचो वास तो," एवढंच म्हणालीस.

त्यानंतर माझा डबा द्यायला यायचीस ती रस्त्यापलीकडे उभी राहायचीस. मला वाटे, रुसलीस. दोन वर्षांनी काविळीत तू गेलीस. पुढे कितीतरी वर्षांनी, देवबागच्या किनाऱ्यावर सुकट वाळत घातलेली, आणि तिचा वास वाऱ्याबरोबर नेमका कुठल्या बाजूला जातो ते बघताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभी राहत होतीस, वास आत येऊ नये म्हणून. त्या दिवशी मी वाळूतच बसून रडले.

आये, कुठल्याच गिऱ्हाइकाने काही म्हटलं नव्हतं. त्या दुपारी माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी येणार होत्या.

तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वरची एवढी ओळ मी गाळली असती.