परिणाम शून्य

चि. धाकटीस, थोरल्याचे आशीर्वाद. केस पिकले तरी तू धाकटीच, त्याला इलाज नाही.

मी बरा आहे. काम तेच. नवा सिनेमा आधी निवडक प्रेक्षकांना दाखवायचा, अंधारात त्यांचे चेहरे कॅमेऱ्यावर पाहायचे आणि कोण कुठे रडलं ते निर्मात्याला कळवायचं. कॉलेजात करुण रस घोकला, आता त्याची हजेरी घेतो.

काल पडद्यावर एक मुलगा आईच्या मांडीवर, चांगलं लांबलचक बोलून, मेला. सगळे रडले. एक बाई मात्र कोरडी बसून होती. मी यादीत तिच्या नावापुढे ‘परिणाम शून्य’ असं लिहून टाकलं. दिवे लागले, सगळे गेले, तरी ती उठेना. मी जाऊन हात धरून उठवलं तेव्हा म्हणाली, "माझ्या मुलाला एवढं बोलायला कुठे मिळालं हो!"

तेव्हापासून तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचतोय. बाबा गेल्यापासून आई एकदाही रडली नाही, अगदी शांत आहे, काळजी नको, असं तू लिहिलंस. जेवते का ती नीट? बाई गं, तिला एकटीला झोपू देऊ नकोस. मी येईपर्यंत तिच्याजवळ अंथरूण घाल. आणि खुशाल घोर. शेजारी कोणी आहे, एवढं तरी तिला अंधारात कळू दे.

तिकडे जीव टांगलेला,
तुझा दादा