चढाखालचा नमस्कार

अहो,

आज शीगी हुण्णिमा, आपली भूमीपूजेची पौर्णिमा, झाली आणि जीपचं ठरलं. ते आधी तुम्हाला कळवावं म्हणून लिहिते आहे.

तुम्ही गेल्यापासून जीप धारवाडच्या घरापुढे उभीच होती. परवा अनिलचा बेंगळुरूहून फोन आला. म्हणाला, "आई, शेतापर्यंतच्या चढावर तुला जीप चढवता आली तर ठेव. नाहीतर जीपही विकू आणि शेतही. चालत कोण जाणार आता?" आपल्या लेकाचं चुकत नव्हतं. अळणावर गावच्या त्या शेताला दुसरी वाट कुठे आहे?

चढ आखूडच, पण कौलारू छपरासारखा. यंदा पावसाने चरही पाडलेत.

गाडी तुम्हीच मला शिकवलीत, त्या चढावर मात्र कधी हात लावू दिला नाहीत. दर वर्षी चरग्याला, भूमीला नैवेद्य शिंपायला निघालो की आम्हा सगळ्यांना पायथ्याशी उतरवायचात. आम्ही चालत वर, आणि तुम्ही एकटे भांडी घेऊन धाडधाड. कडबू आमटीत पोहत असायचे. मी दर वर्षी बोलले, तुम्ही दर वर्षी हसलात.

आज तुमच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, उतरायला साफ नकार दिला. मांडीवर आमटीचं पातेलं. "त्यानं जन्मभर चालवलं मला. तू हाक गाडी, सुमे."

निघण्याआधी मी तुमच्यासारखा पुढच्या दोन्ही चाकांना वाकून नमस्कार केला. वर चालताना आम्ही तुम्हाला तसं करताना बघायचो, मुलंही तिथून हात जोडायची. मग छोटा गिअर टाकून निघाले. अर्ध्यावर मागची चाकं जागीच गरगरू लागली. पुढची मात्र ढिम्म. रिव्हर्समध्ये हळूहळू खाली आणली आणि अनिलला सांगायला मोबाइल काढला.

"नमस्कार नीट झाला नाही तुझा," अक्का म्हणाल्या. "तो हात पिळायचा गं, नळ बंद करतात तसा."

मी उतरून बघितलं. चाकाच्या मधोमध एक चकती होती. फिरवली तशी कट्ट वाजली. दुसऱ्या चाकाचीही फिरवली. ती फिरवल्याशिवाय पुढची चाकं जोरच धरत नाहीत! देवळातही तुम्ही चप्पल सांभाळत बाहेर उभे राहायचात. मग चाकांना नमस्कार कराल, हे मी इतकी वर्षं कसं मानलं? आणि मुलं हात जोडायची तेव्हा तुम्ही गप्प का राहायचात? गंमत वाटायची?

मग चढले. इतकी सावकाश, की अक्का म्हणाल्या, "मला झोप येईल."

वर पोचल्यावर त्यांनी झाकण काढलं. थेंबही सांडला नव्हता. चरगा शिंपताना तुमची 'हुल्लुल्लिगो'ची आरोळी त्यांनीच दिली. मला ती जमली नाही.

अनिलला कळवलं. "चालवत कोण होतं?" त्याने विचारलं. मी फोन ठेवला.

जीप राहील, शेतही राहील. पुढच्या वर्षी कुणालाही पायथ्याशी उतरवणार नाही. अनिलच्या मुलीला मात्र चाकापाशी घेऊन बसेन आणि चकती तिच्याच हाताने फिरवून घेईन. त्यानंतर तिने हात जोडले, तर मीही जोडेन.

तुमची,
सुमन