काकांच्या पानावरची धूळ

तीर्थरूप काकूस,

पुतण्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे तूर्त खुर्चीतूनच). मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढं ढकललंस म्हणे. ढकल, ढकल! डोळे काय, बाजारात किलोवर मिळतात. गुडघे कसे आहेत? आमच्याकडे सगळे मजेत, मी सोडून.

पत्रास कारण तुझीच तक्रार. काका गेल्यावर त्यांच्या आठवणींचं जे पान मी इंटरनेटवर बनवलं, ते तुला वाचता येईना. फोनची अक्षरं मोठी केलीस तरी तिथली आपली मुंगीएवढीच. खरं आहे. देखणं दिसावं म्हणून मी अक्षरांचा आकार पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांत, ठोकून बसवला होता. (वाचणाऱ्याने अक्षरं वाढवली तर पानानेही वाढवावीत, असं व्याख्यान मी वेबसाइट करून घेणाऱ्या गिऱ्हाइकांना देतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!) म्हणून सगळे आकार सापेक्ष केले, आणि तिथेच माशी शिंकली. प्रत्येक उत्तर त्याच्या वरच्या मजकुराहून जरासं लहान, असं मी ठरवलं. पण तू पडलीस काकू! त्या पानावर काकांना रोज लिहितेस, ते नव्याने न लिहिता कालच्याच्या खाली उत्तर म्हणून चिकटवतेस. उत्तराखाली उत्तर, त्याखाली आणखी, असं होत होत अक्षरं झिजली आणि तळाशी नुसती धूळ उरली. मी पडदा दोनदा पुसला. धूळ जाईना.

मग चूक सुधारली. आता कुणीही वरच्याकडे बघायचं नाही, प्रत्येकाने थेट वाचणाऱ्याच्या फोनचा आकार धरायचा. धूळ मोठी झाली गं. आणि त्यात तुझी एकटीचीच अक्षरं नव्हती. तुझं 'दूध उतू गेलं', त्याखाली काकांच्या नावाने, 'लक्ष कुठं असतं तुझं? भाजलं तर नाही?' तुझं 'नळ गळतोय', त्याखाली 'वॉशर निळ्या डब्यात आहे.' मग, 'इतकं लिहितो, एकालाही उत्तर नाही. रागावलीस का?' कुणा टवाळाचं काम म्हणावं, तर काकांच्या खात्याला कुलूप मीच घातलंय, आणि त्यांचा फोन माझ्या खणात बॅटरी काढून पडलाय. मी बघत असतानाच आणखी एक ओळ उमटली, 'त्या पोराला सांग, ताठ बस म्हणावं.' (बसलो. बायको म्हणाली, भास आहे. मग तीही ताठ बसली.)

तुझा,
किडमिड्या

ता. क. : अक्षरं आता नीट दिसतात ना, ते कळव.

ता. क. दुसरा : कळवू नकोस, दिसतात. काकांनी लिहिलंय, 'शुक्रवारी न्यायला येतो, तयार राहा.' खाली तुझं, 'बरं.' वाचता येईल असं मीच करून दिलं, आता कुणाला बोल लावू! तुझा फोन सकाळपासून एंगेज लागतोय, म्हणून पत्र धाकट्या भावाच्या हाती धाडतोय. त्याच्याबरोबर तश्शीच निघून ये. आणि निघण्याआधी काकांना लिही, की इतक्यात नाही जमायचं. आमचं ते कधी ऐकत नव्हते, तुझं ऐकतील. आम्हाला तू अजून हवी आहेस गं.