मोठा बाऊल कुणाचा

१ मार्च, रविवार
दुपारी साडूकडे जेवण. साडू म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा. कंपनीचे पंप बसवायला सहा महिने जपानला काय जाऊन आला, तेव्हापासून त्या घरात सुशीशिवाय बात नाही. ताई तर त्याच्याही वरचढ. माझी बायको आता चॉपस्टिक्सने भाताचा शेवटचा दाणासुद्धा उचलते. कुणी शिकवलं? भाऊजींनी. मी चमचा मागितला तेव्हा ती खिडकीबाहेर बघायला लागली. परत येताना रस्ताभर एकच पालुपद, भाऊजींच्या हाताला काय चव आहे.

हेवा माझ्या स्वभावात नाही. फक्त नोंद करून ठेवतोय.

१४ तारखेला त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. संकल्प: अशी जपानी भांडी द्यायची की साडूची बोलती बंद झाली पाहिजे. शिवाय तोवर चॉपस्टिक्स शिकायच्या.

३ मार्च, मंगळवार. लंच-अवर
मी ड्राफ्ट्समन. पंचवीस वर्षं पेन्सिल धरतोय. एकीच्या जागी दोन धरायला काय लागतं? शेंगदाण्यांवर सराव सुरू. सातवा शेंगदाणा टायपिस्टबाईंच्या चहात गेला. त्यांनी कप माझ्या टेबलावर आणून ठेवला. शेंगदाणे फार गुळगुळीत होते.

६ मार्च, शुक्रवार
भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या बाईंनी विचारलं, ज्यांना द्यायचंय ते काय जास्त खातात, भात, सूप की नूडल्स? माणसं किती? भांडी हाताने धुतात की मशीनमध्ये? माझं लग्न ठरतानाही इतकी चौकशी झाली नव्हती. मी म्हणालो, मला सगळं माहीत आहे, तुम्ही फक्त दाखवा.

सोया सॉसच्या इवल्याशा बशा दाखवल्या. (मला आधी ॲशट्रे वाटले. सुदैवाने बोललो नाही.) मग एक लाकडी खोका उघडला. आत भाताच्या बाऊलची जोडी, निळ्या रेघांची. मोठा नवऱ्याचा, छोटा बायकोचा, तिकडे अशी पद्धतच आहे म्हणे. जपानी जेवणाचं वेड असलेल्या जोडप्याला याच्यापेक्षा चांगलं काही नाही, असं बाई म्हणाल्या. ताबडतोब घेऊन टाकली.

७ मार्च, शनिवार. सकाळी ६
झोपेचं खोबरं. डोळे मिटले की मोठा बाऊल साडूच्या हातात दिसतो. तो ऐटीत धरणार. बायको म्हणणार, भाऊजींना किती शोभतो! म्हणजे मी माझ्याच हाताने, माझ्याच पायावर!

सकाळी ११
तोडगा निघाला. पुन्हा दुकानात गेलो, मोठा परत घ्या आणि आणखी एक छोटा द्या म्हणालो. बाई म्हणाल्या, जोडी फोडत नाही. मग दुसरी जोडी घेतली. दोन छोटे साडूला, दोन मोठे माझ्या माळ्यावर, जुन्या सुटकेसच्या मागे. बाईंनी विचारलं, दोन्ही जोड्या गिफ्ट-पॅक करू का? मी नुसता हसलो. काही गोष्टी सामान्य माणसाला समजावता येत नाहीत.

१२ मार्च, गुरुवार
चॉपस्टिक्स सोडल्या. मनगटाच्या दृष्टीने ते योग्य नाही. ड्राफ्ट्समनचं मनगट म्हणजे त्याची रोजीरोटी.

१४ मार्च, शनिवार
साडूने खोका उघडला. एक बाऊल उलटून पाहिला, दुसरा उलटून पाहिला. पूर्ण तीन सेकंद बोलती बंद! मी मनात मोजले.

मग त्याने मला मिठीच मारली. म्हणाला, हे दोन्ही बायकांचे बाऊल, म्हणजे दोघी बहिणींना एकेक! आता रविवारी आमच्याकडे मेहुणीचा हक्काचा बाऊल असणार. किती बारीक विचार केलात! ताईच्या डोळ्यांत पाणी. बायकोने सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि म्हणाली, तुझं मन इतकं मोठं असेल असं वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, त्यात काय एवढं.

१५ मार्च, रविवार
बायको तिकडे गेली. तिचा बाऊल तिथे आहे ना! मला डोकेदुखी. पाव खाल्ला.

१८ मार्च, बुधवार
बायको सुटकेस काढायला माळ्यावर चढली आणि दोन मोठे बाऊल घेऊन उतरली. मी क्षणाचाही वेळ न घालवता सांगितलं, सरप्राइज होतं, एक साडूला, एक मला. ती बरं म्हणाली, रविवारी नेऊ म्हणाली, आणि बाऊल धुवायला घेतले.

धुता धुता, माझ्याकडे न बघता बोलली. म्हणाली, तू भाऊजींवर जळतोस हे मला पहिल्या दिवसापासून कळतंय. पण मी तिथे जपानसाठी जात नाही. ते सगळ्यांना वाढून झाल्यावर बसतात, आणि मला विचारतात, आणखी वाढू का? एवढंच. आपल्याकडे हे विचारायचं काम माझंच असतं.

मी उठून नळ गळतोय का ते बघितलं. गळत नव्हता.

२२ मार्च, रविवार
चौघंही जेवलो. साडूच्या हातात मोठा बाऊल. शोभत होता, हे इथे लिहायला हरकत नाही. बायको तसं काही बोलली नाही, म्हणजे तिने माझी कीव केली असणार.

तिचा भात संपत आल्यावर मी घसा खाकरून विचारलं, आणखी वाढू का? सगळ्यांचे हात थांबले. ती हसली. चांगलं हसली. पण म्हणाली, नको, पोट भरलंय.

दोन मिनिटांनी साडूने विचारलं. तिने बाऊल पुढे केला.

मुळात तो बाऊलच लहान आहे. दोनदा घ्यावंच लागतं.